कालच्यासारखीच सांग ना!

रात्री साडेनऊला घराघरांत काय चाललेलं असतं, हे वेगळं सांगायला नको. ओटा पुसायचा राहिलेला असतो, मटकी भिजत घातली की नाही ते आठवत नसतं, आणि तेवढ्यात शाळेच्या ग्रुपवर मेसेज येतो की उद्या प्रत्येकाने पिवळा कार्डपेपर आणायचा आहे. पिवळाच. दुकानं बंद झालेली असतात. अशा वेळी आतल्या खोलीतून हाक येते, "आई, गोष्ट!"

मग आपण सगळेच एक लबाडी करतो. गोष्ट आखडती घेतो. काऊ दार वाजवत बाहेर भिजत उभा असतो आणि चिऊ आतून एकेक सबब सांगत असते. त्यातल्या निम्म्या सबबी आपण खुशाल गाळतो. पुस्तक हातात असेल तर दोन पानं एकदम उलटतो. आणि ज्याला आपण अर्धवट झोपलेलं धरून चाललेलो असतो, ते पोर टक्क डोळे उघडून म्हणतं, "काजळ घालायचं राहिलं."

वैताग येतो. "तुला सगळी पाठ आहे ना, मग ऐकायची कशाला?" असंही तोंडून जातं. मनात कुठेतरी धास्ती असते की एवढी छान पुस्तकं आणून ठेवली आहेत, ह्याला नवीन काही ऐकायचंच नसतं, ह्याची कल्पनाशक्ती वाढणार कशी!

थॉमस नावाचं निळं इंजिन तुमच्याही घरात कधीतरी येऊन गेलं असेल. खेळणं म्हणून, कार्टून म्हणून, नाहीतर वाढदिवसाच्या केकवर. त्या इंजिनांची पुस्तकं लिहिली गेली ती अशाच एका मुलामुळे. त्याला तीच गोष्ट, तशीच हवी असायची आणि तो बापाच्या चुका काढायचा.

साधारण १९४२ सालची गोष्ट. दुसरं महायुद्ध चालू होतं. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम शहराच्या किंग्ज नॉर्टन भागात विल्बर्ट ऑड्री नावाचे धर्मगुरू राहत होते, तिथल्या चर्चमध्ये सहायक म्हणून. युद्धाला त्यांचा तत्त्व म्हणून विरोध होता आणि देश युद्धात असताना ते उघड बोलून दाखवणं सोपं नव्हतं. त्यापायी आधीच्या ठिकाणाहून त्यांना बाहेर पडावं लागलं होतं. म्हणजे घरात काळज्या होत्याच. त्यात मुलाला, ख्रिस्तोफरला, गोवर आला.

गोवरात डोळ्यांना उजेड सोसत नाही, म्हणून तेव्हा मुलाला अंधाऱ्या खोलीत ठेवायची पद्धत होती. जेमतेम दोन-अडीच वर्षांचं पोर, अंगात ताप, पडदे ओढलेले, बाहेर जायचं नाही. घरात आजारी मूल सांभाळलेल्या कुणालाही हे किती अवघड असतं ते माहीत आहे. त्या वयाच्या मुलाला आजार कळत नाही. कळतं एवढंच की सगळं बंद झालंय आणि मोठी माणसं आपलं ऐकत नाहीत.

विल्बर्टना आगगाड्यांचं वेड होतं. त्यांनी मुलाला इंजिनांच्या गोष्टी सांगायला सुरुवात केली. मध्येच एका कागदावर शेडमध्ये ओळीने उभी असलेली इंजिनं काढली आणि गंमत म्हणून प्रत्येकाला चेहरा दिला. एकाचा चेहरा उतरलेला निघाला. मुलाने लगेच विचारलं की हे इंजिन दुःखी का आहे? बापाने सुचेल ते सांगितलं, ते म्हातारं झालंय आणि बरेच दिवसांत त्याला कुणी बाहेर काढलेलं नाही. मग त्याचं नाव काय? तोंडात आलं ते नाव ठोकून दिलं, एडवर्ड.

मला ह्या प्रसंगात काय आवडतं सांगू? कोंडून पडलेलं ते पोर कोंडून पडलेल्या इंजिनापाशीच थांबलं. आणि बापानेही "काही नाही रे, चित्र चुकलं" म्हणून विषय संपवला नाही. पुढे गोष्टीत एडवर्डला एक दिवस बाहेर काढतात, तो डबे ओढून आणतो आणि दमून, खूश होऊन परत येतो. गोवर आलेल्या मुलाला ह्याहून वेगळं काय ऐकायचं असणार!

आपल्यालाही हे जमण्यासारखं असतं, फक्त आपण घाईत असतो. मूल म्हणतं, "अस्वलाला शाळेत जायचं नाहीये." आपण म्हणतो, "अस्वलं शाळेत जातच नाहीत, झोप आता." त्या अस्वलाला शाळेत कोण बोललं, हे तेव्हा विचारलं तर दिवसभर जे कळलं नसतं ते दोन मिनिटांत कळतं. "आज शाळेत काय झालं?" ह्या प्रश्नाला आपल्याकडच्या समस्त मुलांचं एकच उत्तर असतं, "काही नाही." अस्वलाला विचारलं तर ते बरंच सांगतं.

तर, एडवर्डची गोष्ट झाली, मग गॉर्डनची, मग हेन्रीची. ख्रिस्तोफर त्या पुन्हा पुन्हा मागायचा. बाप दमलेला असायचा, कालचं आज तंतोतंत कुणाला आठवतं? कुठे शब्द बदलायचा, कुठे प्रसंग मागेपुढे व्हायचा. मुलगा तिथल्या तिथे पकडायचा. काल असं नव्हतं! ह्यावरून वाद व्हायला लागले, तेव्हा विल्बर्टनी एक साधा उपाय काढला. चर्चच्या जुन्या पत्रकांच्या कोऱ्या पाठीवर गोष्टी लिहून ठेवल्या. पुस्तक वगैरे काही डोक्यात नव्हतं. रोजची भांडणं टळावीत, एवढाच हेतू.

मोठ्या माणसाला तीच गोष्ट कंटाळवाणी वाटते, कारण तिच्यात पुढे काय होणार ते माहीत असतं. लहान मुलाला ती हवी असते, तीही त्याच कारणासाठी. त्याचा सगळा दिवस दुसऱ्यांच्या हातात असतो. कधी उठायचं, डब्यात काय, रिक्षातून जायचं की बसने, आजी कधी गावाला जाणार, बाबा आज झोपायच्या आधी येणार की नाही, ह्यातलं काहीही त्याला विचारून ठरत नाही. रात्रीची गोष्ट एवढीच एक जागा असते जिथे पुढचं वळण त्याला आधी माहीत असतं. तिथेही आपण दोन पानं गाळली तर ते खवळणारच. आणि चूक काढताना त्याचा आवाज ऐका कधीतरी, त्यात राग कमी आणि रुबाब जास्त असतो. दिवसभर सगळे त्याच्या चुका काढत असतात. रात्री त्याची पाळी येते, तर घेऊ द्यावी की.

गोष्टी सांगायला प्रतिभा लागते आणि ती आपल्याकडे नाही, असं आपण फार लवकर ठरवून टाकतो. ऑड्रींच्या गोष्टी आल्या कुठून, तर त्यांच्या स्वतःच्या लहानपणातून. विल्टशर परगण्यातल्या बॉक्स नावाच्या गावी त्यांचं घर रेल्वेच्या बोगद्यापासून हाकेच्या अंतरावर होतं. तिथे चढ होता. जड मालगाडी आली की पुढचं इंजिन एकट्याने ती ओढू शकायचं नाही, म्हणून मागून ढकलायला दुसरं इंजिन लावायचे. रात्री अंथरुणात पडून छोटा विल्बर्ट तो आवाज ऐकायचा. त्याला वाटायचं की दोन्ही इंजिनं एकमेकांशी बोलताहेत. पुढचं कुरकुरतंय, मागचं त्याला धीर देतंय.

हे वाचल्यावर मला आपलं कर्जत आठवलं. मुंबईहून पुण्याला जाताना गाडी तिथे थांबते, आपण खिडकीतून वडे घेतो, सुटे पैसे देतो, चटणी सांडते, आणि तेवढ्यात मागून गदकन धक्का बसतो. घाट चढवायला मागे बँकर इंजिनं लागलेली असतात. कसाऱ्यालाही तेच. बॉक्सचा चढ शंभरास एक होता, आपला बोरघाट सदतीसास एक, म्हणजे जवळजवळ तिप्पट खडा. कितीतरी वर्षं आपण तो धक्का खाल्ला आणि वड्याकडे लक्ष दिलं. मागच्या त्या इंजिनाला नाव द्यावं, लोणावळ्याला त्याला सोडून गाडी पुढे जाते तेव्हा त्याला काय वाटत असेल ते विचारावं, हे कधी सुचलं नाही. मुलांना विचारलं तर त्यांना पटकन सुचतं. एकदा मी विचारून बघितलं, तर उत्तर मिळालं, "त्याला वाईट नाही वाटत. त्याला उतारावरून एकट्याला घरी जायला मज्जा येते."

तुमच्याकडे आगगाडी नसेल. गिरणीचा भोंगा असेल, एसटीची मुक्कामी गाडी असेल, मामाच्या वाड्यातला अर्धवट अंधारा माळा असेल, पावसाळ्यात घरात शिरणारे खेकडे असतील. लहानपणी अंथरुणात पडल्यापडल्या तुम्हाला काय ऐकू यायचं, एवढं आठवलं तरी एका गोष्टीची सोय होते. आणि "तू लहान असतानाची सांग" ही फर्माईश मुलं करतात, त्यात तुमच्याविषयीची उत्सुकता असते. आईला कुणीतरी रागावलं होतं, बाबा झाडावरून पडला होता, हे ऐकताना त्यांना जो आनंद होतो तो काही फार सज्जन आनंद नसतो, पण असू दे.

थॉमस मात्र ह्या पहिल्या गोष्टींत नव्हताच. तो आला खेळण्यातून. युद्धामुळे बाजारात खेळण्यांची टंचाई होती, म्हणून विल्बर्टनी झाडूच्या दांड्याचे तुकडे आणि लाकडाच्या ढलप्या जमवून मुलाला एडवर्ड करून दिला. सोबत काही डबे. मुलाला मग गॉर्डनही हवा झाला. गॉर्डन म्हणजे मोठं थोरलं इंजिन, ते घरच्या सामानात होण्यासारखं नव्हतं. म्हणून त्यांनी जमेल ते केलं, एक छोटंसं टँक इंजिन. तो थॉमस. मोठं होईना म्हणून छोटं केलं, आणि तेच पुढे सगळ्यांत लाडकं ठरलं. कारण ते हातात आल्याबरोबर ख्रिस्तोफरची पुढची मागणी तयार होती, आता ह्याच्या गोष्टी सांग.

आपल्या मनाला केवढी टोचणी असते की शेजारच्याकडे अमुक सेट आहे आणि आपण आणला नाही. आणलेला सेट चौथ्या दिवशी पलंगाखाली जातो, हे माहीत असूनही टोचणी असते. घरात करून दिलेलं वेडंवाकडं खेळणं मुलं जास्त जपतात असं मी ठामपणे म्हणणार नाही, कारण काही मुलं ते दुसऱ्या दिवशी मोडतात. पण ज्या वस्तूला गोष्ट चिकटते, ती टिकते. मग ती वस्तू चपातीच्या डब्याचं झाकण का असेना.

इथे एका बाईचं नाव घ्यायला हवं, मार्गारेट ऑड्री. नवऱ्याने पत्रकांच्या पाठीवर लिहिलेल्या ह्या गोष्टी बाजारात मिळणाऱ्या मुलांच्या पुस्तकांपेक्षा चांगल्या आहेत, असं तिचं मत होतं, आणि ह्याचं काहीतरी करा म्हणून तिने पिच्छा पुरवला. तिने तो पुरवला नसता तर ते कागद रद्दीत गेले असते. १९४५ मध्ये पहिलं पुस्तक आलं, 'द थ्री रेल्वे इंजिन्स'. पुढच्याच वर्षी थॉमसचं. छोट्या हातांत मावेल असा आकार आणि गोष्टीगणिक भरपूर चित्रं. पुस्तकांवर नाव अर्थातच विल्बर्टचं. घरोघरी असंच असतं म्हणा.

त्या पहिल्या पुस्तकात हेन्रीची एक गोष्ट आहे आणि ती मला अजिबात आवडत नाही. हेन्रीला वाटतं की पावसाने आपला रंग खराब होईल, म्हणून तो बोगद्यातून बाहेरच येत नाही. समजावतात, ओढतात, ढकलतात. शेवटी त्याला तिथेच ठेवून समोर भिंत बांधून टाकतात. गोष्ट संपली! एवढीशी भीती आणि केवढी शिक्षा. पुढे प्रकाशकांच्या सांगण्यावरून चौथी गोष्ट लिहिली गेली. तिच्यात गॉर्डन बिघडतो, एडवर्डला एकट्याला गाडी ओढवत नाही आणि मग हेन्रीला भिंतीमागून बाहेर काढून मदतीला घेतात. तेव्हा कुठे जीव भांड्यात पडतो.

माझ्या आवडीनिवडीला मुलं विचारत नाहीत, हेही खरं. त्यांना भिंतीचा तो भाग पुन्हा पुन्हा हवा असतो. "किती दिवस तो आत होता?" "त्याला जेवायला कोण द्यायचं?" "रात्री तो रडायचा?" भीती त्यांना अशी हातात घेऊन सगळ्या बाजूंनी तपासायची असते, आपल्या कुशीत, दिवा चालू असताना. आपण घाबरून गोष्ट गोड करायला जातो. त्यापेक्षा प्रश्नांची उत्तरं देत बसावं आणि त्याच रात्री हेन्रीला बाहेर काढावं. भिंतीपाशी गोष्ट थांबवून दिवा मालवू नये, इतकंच.

आणखी एक खोड आपल्या सगळ्यांना असते, गोष्टीत भाजी लपवायची. ससा जिंकला, कारण तो रोज पालक खायचा. वाघ आजारी पडला, कारण तो हात न धुता जेवला. मुलांना ह्याचा वास लगेच लागतो. ऑड्री तर धर्मगुरू. त्यांच्या गोष्टींत शिस्त, कामसूपणा, आगाऊपणाची खोड मोडणं हे सगळं ठासून भरलेलं आहे. तरी त्या चालल्या, कारण इंजिनं खऱ्या इंजिनांसारखी घसरतात, बिघडतात, खड्ड्यात जातात. आपल्या बऱ्याचशा गोष्टी कुठेतरी प्रत्यक्ष घडलेल्या घटनांवर आहेत, ह्याचा त्यांना अभिमान होता. आणि चुकलेलं इंजिन भंगारात जात नाही, ते पुन्हा रुळावर येतं. दिवसभर "असं करू नकोस" ऐकलेल्या मुलाला रात्री हे ऐकायला बरं वाटत असणार.

चुका काढणारा तो मुलगा एकटा असता तर एक वेळ चाललं असतं. पुस्तकं निघाली आणि तसलेच हजारो वाचक तयार झाले. एका चित्रातलं इंजिन दुसऱ्या चित्रात वेगळं दिसतं, हे मुलं पत्र लिहून कळवू लागली. चित्रकाराशी तर ऑड्रींचं बिनसलंच. पर्सी नावाच्या हिरव्या इंजिनाचं चित्र त्यांना लाल पट्ट्यांच्या सुरवंटासारखं वाटलं आणि त्यांनी ते सुनावलं. पुढे सगळ्यांचं समाधान व्हावं म्हणून ह्या गृहस्थांनी भावाला, जॉर्जला, हाताशी धरून एक अख्खं बेट रचलं. इंग्लंडजवळच्या आइल ऑफ मॅनच्या बिशपच्या पदवीत 'सोडोर' असं नाव येतं, पण त्या नावाचं बेट नकाशावर नाही. म्हटलं, मग ते आपलंच. सोडोरचे नकाशे झाले, गावं झाली, स्टेशनं झाली, इतिहास झाला. "काल असं नव्हतं" ह्या एका तक्रारीतून माणूस किती लांब जातो बघा.

आजारी मुलाच्या उशापाशी सुरू झालेली ही एकच मालिका नाही. १९४१ मध्ये स्टॉकहोमला अ‍ॅस्ट्रिड लिंडग्रेन यांची सात वर्षांची मुलगी कारिन न्यूमोनियाने अंथरुणात होती. तिने आईला सांगितलं, पिप्पी लाँगस्टॉकिंगची गोष्ट सांग. हे नाव तिने त्याच क्षणी बनवलेलं. आईने कोण पिप्पी, कुठली पिप्पी असं काही विचारलं नाही. नाव विचित्र म्हणून मुलगीही विचित्र करून टाकली, घोडा उचलणारी, एकटी राहणारी, उशीवर पाय ठेवून झोपणारी. कितीतरी दिवस ह्या गोष्टी घरातच फिरत राहिल्या. १९४४ मध्ये बर्फावरून घसरून आईचा पाय मुरगळला, ती अंथरुणाला खिळली, तेव्हा तिने त्या लघुलिपीत उतरवल्या आणि मुलीच्या दहाव्या वाढदिवसाला हस्तलिखित भेट दिलं. एका मोठ्या प्रकाशकाने ते नाकारलं. १९४५ मध्ये दुसऱ्या प्रकाशकाच्या स्पर्धेत त्याला पहिलं बक्षीस मिळालं आणि पुस्तक निघालं.

ह्या आईविषयी आणखी एक गोष्ट मला कधी विसरता येत नाही. कारिनच्या आधी, लग्नापूर्वी, त्यांना एक मुलगा झाला होता. परिस्थितीमुळे त्याची पहिली तीन वर्षं कोपनहेगनला दुसऱ्या बाईच्या घरी गेली. आई स्टॉकहोमला नोकरी करून, पैसे साठवून त्याला भेटायला जायची. जगभरच्या मुलांना जिने हसवलं, तिच्या पोटात हे होतं. पाळणाघराच्या दारात मुलाला सोडून लोकलकडे धावणाऱ्या आयांनी हे ऐकून ठेवावं असं मला वाटतं.

आता थोडं वेगळं बोलते. गोष्टी सांगता सांगता आपल्याला त्या आवडायला लागतात. मूल काहीतरी अफलातून बोलतं, आपण ते व्हिडिओत पकडतो, सगळ्यांना पाठवतो, सगळे टाळ्या वाजवतात. मग कुणीतरी म्हणतं, अगं, पुस्तक काढ ह्याचं.

काढावं, जरूर काढावं. पण ए. ए. मिल्न यांच्या मुलाचंही नाव ख्रिस्तोफरच होतं, ख्रिस्तोफर रॉबिन. 'विनी द पू' ह्या त्यांच्या पुस्तकातलं अस्वल त्याच्या खेळण्यातलं होतं आणि मुलगाही स्वतःच्या नावानिशी पुस्तकात होता. १९२६ मध्ये पुस्तक आलं आणि जगभर गाजलं. पुढे वसतिगृहाच्या शाळेत मुलांनी त्याच नावावरून त्याला चिडवून बेजार केलं. मोठेपणी त्याने डार्टमथला पुस्तकांचं दुकान काढलं, तर तिथेही लोक गोष्टीतला तो मुलगा बघायला यायचे. त्याच्या मनात ह्याविषयी किती कडवटपणा साठला होता, ते त्याने १९७४ च्या आपल्या आठवणींच्या पुस्तकात लिहिलं आहे. बापाचं प्रेम खोटं नव्हतं. पण घरातला मुलगा सगळ्यांचा झाला आणि त्याला कुणी विचारलं नाही.

ऑड्रींचा ख्रिस्तोफर थॉमसच्या पहिल्या पुस्तकाच्या सुरुवातीच्या छोट्या पत्रात आहे, आणि तिथेच संपतो. गोष्टींत इंजिनं आहेत. तो ऐकणारा राहिला. बापाने १९७२ पर्यंत २६ पुस्तकं लिहिली आणि थांबला. मग ख्रिस्तोफर स्वतः बाप झाला, त्याच्याही मुलाला गोष्टी हव्या झाल्या, आणि १९८३ पासून त्याने त्याच मालिकेत भर घातली. दोघांची मिळून ४२ पुस्तकं झाली. टीव्हीवर थॉमस आला तो १९८४ मध्ये, बीटल्समधल्या रिंगो स्टारच्या आवाजात. आपल्या मुलांना माहीत असलेला थॉमस हा त्या टीव्हीवाल्याचा वंशज.

म्हणून मुलाचा व्हिडिओ पुढे पाठवायच्या आधी त्याला एकदा विचारलेलं बरं. चार वर्षांचं मूलसुद्धा "नको" म्हणू शकतं. म्हणतंच.

आणि ह्या सगळ्याला रोज अर्धा तास लागतो असं कुणी सांगितलं? पाच मिनिटांची गोष्ट चालते, ती कालचीच असेल तर. नवी गोष्ट शोधण्यातच आपला अर्धा वेळ आणि सगळा उत्साह जातो. बाबा रात्री उशिरा येत असतील तर त्यांची एकच गोष्ट असावी, फक्त रविवारची, ती आईने सांगायचीच नाही. आजी-आजोबा गावाला असतील, किंवा तुम्ही दुबईला नाहीतर न्यू जर्सीला असाल आणि मराठी गोष्ट फक्त व्हिडिओ कॉलवरच होत असेल, तर नेटवर्क अडकल्यावर मुलाला सांगू द्यावं की आजी पुढे काय म्हणणार होती. त्याला ते माहीत असतं.

जी रात्र अगदीच झेपत नाही, त्या रात्री सरळ सांगून टाकावं की आज आईचं इंजिन शेडमध्ये आहे, आज तू सांग. बहुतेक मुलं ही बढती आनंदाने स्वीकारतात. ती गोष्ट भलतीकडे नेतील, चिमणीच्या घरात थॉमसला घुसवतील, काऊला पालक खायला लावतील. आपण मध्ये बोलू नये. झोपही लागू देऊ नये, कारण झोपलात तर ती हलवून उठवतात आणि गोष्ट पहिल्यापासून ऐकावी लागते.